अकरा महिने शोधलेली चूक

चौदा वर्षं कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचे तीन दिवस मी नवी मुंबईत काय करत होतो ते कळायचं नाही. चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, मी झाकून ठेवलेला एक आकडा उघडून पाहिला. पाहिला आणि परत झाकला. मग डबा खाल्ला. डब्यात मेथीची भाजी होती, हेसुद्धा आठवतं. बायकोला हे माहीत नाही. ज्यांच्याबरोबर पुढे तो शोधनिबंध छापला त्या चौघांना माहीत नाही. आणि जिला सर्वांत आधी कळायला हवं होतं त्या माझ्या विद्यार्थिनीला, उज्ज्वलाला, मी उलट सांगितलं की तुझ्या कामात चूक आहे. ती चूक तिनं अकरा महिने शोधली. चूक नव्हतीच.

आकडा कसला, ते सांगतो. विश्वातलं बहुतेक द्रव्य दिसत नाही. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. ठिकठिकाणी साकळून त्याचे गठ्ठे झालेले आहेत, आणि त्या गठ्ठ्यांत दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची मोठाली गावं, वसलेली आहेत. आपल्याला दिसतात त्या फक्त दीर्घिका. एका दीर्घिकेपाशी उभं राहिलं तर अमुक अंतरावर दुसरी सापडण्याची शक्यता नुसत्या योगायोगापेक्षा किती जास्त, हे असंख्य जोड्या मोजून काढायचं. मग एका गठ्ठ्यात किती दीर्घिका बसतात याचा एक नियम मांडायचा. आणि त्यावरून न दिसणारं द्रव्य किती साकळलेलं आहे तो आकडा काढायचा. आमची सगळी उठाठेव त्या एका आकड्यासाठी.

या कामात एक रीत आहे. उत्तर मनासारखं येईपर्यंत माणूस चुका शोधत राहतो आणि आलं की शोधणं थांबवतो. हे ओळखून मोजणी हाती यायच्या आधीच एक प्रोग्राम तिच्यात एक गुप्त फरक मिसळून टाकतो. त्यामुळे काम करणाऱ्याला शेवटचा आकडा खरा दिसतच नाही. सगळे नियम, सगळे निर्णय आधी पक्के करायचे, आणि मग एकदाच, सर्वांसमोर, झाकण काढायचं. येईल तो आकडा छापायचा. त्यानंतर एक अक्षर बदलायचं नाही.

तो फरक मिसळणारा प्रोग्राम मी लिहिला होता. किल्ली बाहेरच्या एका माणसाकडे होती. पण ज्यानं कुलूप घडवलं त्याला किल्ली कशाला लागते. आकडा सगळ्या जगाच्या आकड्यांपेक्षा खाली होता. म्हणजे एकतर आम्हाला काही नवं सापडलं होतं, नाहीतर माझं हसं होणार होतं. मला दुसरंच खरं वाटलं. पुढच्या आठवड्यात बैठकीत म्हणालो, गठ्ठ्यात दीर्घिका बसवायचा नियम जरा बदलू या, आणि अगदी जवळच्या जोड्या सोडून देऊ या. कारणं दिली. कारणं नेहमी देता येतात. उज्ज्वला एकटी म्हणाली की ठरवून तर झालं होतं, मग हे आत्ता का. मी तिला गप्प केलं.

झाकण निघालं तेव्हा आमचा आकडा इतर सगळ्यांच्या आकड्यावर नेमका जाऊन बसला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. उज्ज्वलाच्या प्रबंधातलं प्रकरण मात्र जुन्या नियमानं आधीच पक्कं झालेलं होतं, आणि त्यातला आकडा खाली आला. समितीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तिच्या प्रोग्राममध्ये कुठंतरी चूक असणार, शोधेल ती. अकरा महिन्यांनी तिनं शोधणं सोडलं आणि प्रबंधही सोडला.

यंदा जानेवारीत तिचा दोन ओळींचा निरोप आला. 'सर, ती चूक सापडली. इकडे आलात तर दाखवीन.'

खारघर

थेट तिच्या दारात जाऊन उभं राहायची हिंमत नव्हती, म्हणून निमित्त काढलं. खारघरच्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापिका कधीपासून व्याख्यानाला बोलावत होत्या. त्यांना येतो म्हणून कळवलं. विषय त्यांनीच दिला: न दिसणारं विश्व.

ज्यांनी नवी मुंबई पाहिली नाही त्यांनी आपली सांगली आधी डोक्यातून काढावी. आपल्याकडे पत्ता म्हणजे देवळामागं, बोळात, अमक्याच्या गिरणीशेजारी. तिथं पत्ता म्हणजे नुसते आकडे. सेक्टर, प्लॉट, विंग, मजला. रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस ओळखू येऊ नये, आणि रस्त्याच्या टोकाला एकदम डोंगर. फेब्रुवारीत तो डोंगर पार वाळलेला, कुठंकुठं जळलेल्या गवताचे काळे पट्टे. हायवेवर उतरून मी रिक्षावाल्याला पाण्याच्या टाकीची खूण सांगितली. तो म्हणाला, 'काका, खूण नको, सेक्टर बोला. टाक्या इथं जिकडं बघाल तिकडं हायत.' मी सेक्टर बोललो तो चुकीचा. त्यानं निमूटपणे तिथं नेऊन सोडलं. आकड्यांत चुकलेला माणूस त्या गावात किती चुकतो ते तेव्हा कळलं. कॉलेजपर्यंत पाऊण तास चालावं लागलं. वाटेत गाडीवर इडली खाल्ली. सांबार गोड होतं. आपल्याकडच्या माणसाला तिकडचं सगळंच थोडं गोड लागतं.

चालताना एक पाहिलं. शहर आखून वसवलेलं, इमारती सारख्या अंतरावर, दुकानांचे गाळे एका मापाचे. पण एका वडापावच्या गाडीभोवती चाळीस माणसं आणि शेजारच्या तीन गाड्या मोकळ्या. तीच कढई, तेच तेल. चाळीस जण तिथंच का, ते बघणाऱ्याला दिसत नाही. आयुष्यभर मी हाच प्रश्न आकाशाला विचारला, आणि उत्तर आलं तेव्हा ते आवडलं नाही म्हणून बदललं.

व्याख्यान बरं झालं, म्हणजे मुलं झोपली नाहीत. प्राध्यापिकाबाईंनी ओळख करून देताना नेमका तोच निबंध काढला. आकडा झाकून काम करणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्यावहिल्या गटांपैकी एक, वगैरे. मग मला ती रीत समजावून सांगावीच लागली. ती मी इतकी छान समजावली की मलाच किळस आली. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

'सर, आणि कुणी आधीच बघितलं तर? कळतं का ते?'

'नाही कळत.'

'मग?'

'मग काही नाही. फक्त त्या माणसाला कळलेलं असतं.'

मुलं हसली. त्यांना तो विनोद वाटला. मीही हसलो. या वयात हसण्याला काही त्रास पडत नाही.

दिवाळे आणि बेलापूर

उज्ज्वला सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात सांख्यिकी सहायक आहे. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत या, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. मी खारघरहून मेट्रोनं सकाळी आठलाच बेलापुरात पोचलो. डबा निम्मा रिकामा, काचा लख्ख, आणि बसलेले सगळे मोबाईलमध्ये. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस मिरजेपर्यंत तुमच्या पोरांची शिक्षणं विचारून घेतो. तिथं कुणी काही विचारलं नाही. त्या दिवशी मला ते बरं वाटलं.

चार तास काढायचे होते. कुणीतरी सांगितलं, जवळच दिवाळे गावाचा धक्का आहे, या दिवसांत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतात. गेलो. सरकारी इमारतींच्या पाठीमागं एकदम जुनं कोळीवाड्याचं गाव लागतं. दोरीवर वाळत घातलेले बोंबील, होड्या, आणि तो वास. धक्क्यावर एक साठीचे गृहस्थ जाळं विणत बसले होते. लोक त्यांना नाखवा म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. ओहोटी लागली होती. दूर चिखलाच्या एका पट्ट्यावर गुलाबी रेघ ओढल्यासारखे पक्षी, आणि बाकी सगळा चिखल रिकामा.

मी विचारलं, सगळे तिथंच का बसलेत.

'तिथं खानं असंल,' नाखवा म्हणाले. 'चिखलान काय हाय ते आमाला कुठं दिसतंय? पक्षी बघायचं आन् समजायचं.'

किती असतील, असं विचारलं. ते हसले. 'मोजायला येतान की मानसं दुर्बिनी घेवून. चार जनांच्या चार गनत्या. मंग इथं बसून चहा पितान, आन् एकच गनती लिवतान.'

त्यांना कल्पना नव्हती ते काय बोलून गेले. आम्ही करतो ते हेच आहे. दीर्घिका म्हणजे ते पक्षी, कृष्णद्रव्य म्हणजे चिखलातलं ते खाणं. एवढ्या खाण्यावर एवढे पक्षी, हा नियम प्रामाणिक असेल तर पक्षी मोजून चिखल सांगता येतो. नियम हवा तसा वाकवला तर पक्षी तेच राहतात आणि चिखल मात्र तुम्ही म्हणाल तसा होतो. मी तो वाकवला होता, आणि चहा पिऊन सगळ्यांसारखीच गणती लिहिली होती.

उठताना फळीवर पाय पडला, फळी सरकली, आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. बूट आत राहिला. नाखवांनी हात घालून तो काढून दिला, बादलीभर पाणी ओतलं आणि म्हणाले, 'खाडीनं पाय धरला तुमचा. एवढी घाई कसली होती?' घाई अजिबात नव्हती, हे त्यांना काय सांगणार.

एक पाय ओला, अशा अवस्थेत कार्यालयात गेलो. उज्ज्वलाच्या टेबलाशेजारी मोरे नावाचे एक सहकारी बसतात. मी कोण ते कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली.

'मॅडमचे सर? बसा ना. सर, तुम्हीच यांना शिकवलं का सगळं तीन-तीनदा तपासायला? आम्हाला टेन्शन येतं. दोन अधिक दोन पण यांना सही करून लागतं.'

'मोरे, मागच्या महिन्यात तुमचे दोन अधिक दोन पाच झाले होते,' असं मागून कुणी म्हणालं. ती होती.

केस थोडे पांढरे झालेले, चष्मा नवा. मी 'कशी आहेस' म्हणणार होतो. तोंडातून 'कशा आहात' आलं. ती म्हणाली, 'सर, तूच म्हणा. ऑफिसात सगळे मॅडम म्हणतात, कंटाळा आलाय.' मग खाली बघून विचारलं, पायाला काय झालं. मी सांगितलं. ती मनापासून हसली.

टेबलावरच्या तक्त्यांकडे माझी नजर गेली. प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन खुणा. एक पेन्सिलची, एक निळी, एक लाल. मोरे गंमतीनं बोलत नव्हते. ही मुलगी माझ्याकडे होती तेव्हा मी फळ्यावर प्रश्न लिहून पुरा करायच्या आत उत्तर सांगायची आणि खडू माझ्या हातातच राहायचा. तपासायला सांगितलं तर म्हणायची, सर, बरोबर आहे ते. बरोबर असायचं. तो स्वभाव कुठं गेला, हे त्या टेबलाजवळ फक्त मला माहीत होतं.

कँटीनमध्ये तिनं डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. चुकीबद्दल मी विचारलं तर म्हणाली, 'इथं नाही. उद्या शनिवार आहे, घरी या. वही घरी आहे. आई पण म्हणतेय, सरांना घेऊन ये.'

सीवूड्स

तिची सोसायटी सीवूड्स स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, तळ्याच्या बाजूला आहे. भरती आली की खाडीतले पक्षी उठून त्या तळ्यावर येतात. मी गेलो तेव्हा ते येत होते.

आपल्याकडे कुणाकडे जायचं तर खालून हाक मारतात. तिथं गेटवर वॉचमननं मोबाईलवर माझा फोटो काढला, नाव घातलं आणि विचारलं, काम काय. मी म्हणालो, भेटायला. 'तसं नाय साहेब, यात चारच हायत. गेस्ट, डिलिव्हरी, कॅब, सर्व्हिस.' मी मोबाईलवरचे चारही शब्द वाचून पाहिले. मागं डिलिव्हरीवाला खोळंबला होता. शेवटी वॉचमननंच गेस्ट लावून टाकलं. माझा फोटो वर चौथ्या मजल्यावर तिच्या फोनवर गेला आणि तिनं मला आत घ्यायला परवानगी दिली.

दार तिच्या आईनं उघडलं. परभणीकडच्या खेड्यातून लेकीच्या नोकरीपायी इथं आलेल्या, सत्तरीच्या. 'जय भीम, सर. लई वर्सांनी आलाव.' मी नमस्कार म्हणालो. त्यांच्याच शब्दानं उत्तर द्यायला काय हरकत होती. पण ओठांवर आलं नाही. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली तिच्या एमएस्सीच्या सुवर्णपदकाची चौकट. आणि इथंच तेही लिहून टाकतो. चौदा वर्षांत मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे: तिच्या जागी माझ्या ओळखीपाळखीच्या, माझ्यासारख्या घरातला कुणी असता, तर समितीपुढं 'तिची चूक असणार' हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं असतं का. नसतं. आणि ते ऐकून समितीनं इतक्या सहज मान डोलावली नसती.

उज्ज्वलानं वही आणली. वही म्हणजे छापून बांधून घेतलेला तिचा जुना प्रोग्राम, दोनशे पानांचा, कडा मऊ पडलेल्या. पानोपान खुणा. तिनं एक पान उघडलं.

'नाताळच्या सुट्टीत सापडली सर. ही बघा. बाहेरून आलेला तक्ता आणि आपला हिशेब, दोन्हीतली अंतरं वेगळ्या एककात आहेत. इथं त्या आकड्यानं भागायला पाहिजे होतं. मी भागलंच नाही. एवढीशी गोष्ट.'

आमच्या धंद्यात ही चूक खरोखरच होते. अंतरं दोन तऱ्हांनी लिहायची पद्धत आहे, आणि एकीतून दुसरीत जाताना भागायचं विसरलं की गठ्ठे आहेत त्यापेक्षा लहान किंवा मोठे दिसतात. तिला सापडलेली चूक अगदी घरातली होती.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. 'सण नव्हता, काय नव्हता,' त्या म्हणाल्या, 'अन् म्हनं, आई पुरण घाल. म्या म्हनलं काय झालं? तर म्हनं चूक सापडली. चूक सापडली म्हून पुरणपोळी खाणारं लेकरू म्या पयल्यांदाच बघितलं बाई.'

उज्ज्वला हसली. म्हणाली, 'खरं सांगू का सर, मोकळं वाटलं. म्हणजे मी वेडी नव्हते. चूक होती, आणि छोटी होती. कुणाचीही झाली असती.' मग तिनं लाल पेन्सिल माझ्यापुढं धरली. त्या ओळीपुढं दोन खुणा होत्या, एक पेन्सिलची, एक निळी. 'तिसरी तुम्ही करा. तुम्ही बघितलं की संपलं.'

पेन्सिल मी घेतली. ओळ वाचली. वरची ओळ वाचली, जिथं तो तक्ता आत घेतला होता. खूण करून टाकावी असं वाटलं. मन घट्ट करून नव्हे, अगदी सहज. ती सुखात होती. चौदा वर्षांनी तिला एक छोटी, माफ करता येण्यासारखी चूक मिळाली होती, आणि ती काढून घेणारा मी कोण. हा विचार मला दयेचा वाटला. मग लक्षात आलं, चौदा वर्षांपूर्वीही मला स्वतःची कारणं अशीच चांगली वाटली होती.

'ही ओळ बरोबर आहे,' मी म्हणालो.

'नाही सर, बघा ना. भागायचं राहिलंय.'

'तो बाहेरचा तक्ता तुला मीच दिला होता. देण्याआधी मीच भागून दिला होता.'

तिनं वही स्वतःकडे ओढली. बोट ठेवून ती ओळ आणि वरची ओळ परत वाचली. 'मग चूक कुठाय?'

'नव्हती.'

'तुम्हाला हे आत्ता कळलं?'

'नाही. समितीपुढं बोललो त्याच दिवशी माहीत होतं.'

मग मी सगळं सांगितलं. ती दुपार, डबा, झाकण, बदललेला नियम. आवाज खाली ठेवून सांगत होतो, कारण आत आई आमटी फोडणीला टाकत होत्या. माझं संपल्यावर उज्ज्वलानं एकच विचारलं.

'म्हणजे माझा आकडा बरोबर होता?'

याचं उत्तर माझ्याकडे असतं तर हा प्रवास फळला असं मी म्हटलं असतं. पण ते नव्हतं. तिच्या कामात चूक नव्हती, एवढंच मी सांगू शकत होतो. आकडा खरा होता की नशिबानं खाली पडला होता, ते त्या मोजणीवरून आता कधीच कळणार नाही. झाकण एकदाच काढता येतं. ते मी वाया घालवलं होतं. नंतर दुसऱ्यांनी मोठ्या मोजण्या केल्या; काहींचे आकडे खाली आले, काहींचे नाहीत. भांडण चालू आहे. त्या भांडणात तिचा आकडा पहिल्यांदा बोलायला उभा राहिला असता. मी म्हणालो, 'माहीत नाही.'

'म्हणजे ते पण नाही,' ती म्हणाली.

आतून आईंनी विचारलं, भाकरी टाकू का. मला वाटलं ती नको म्हणेल. मी उठायच्या तयारीत होतो.

'टाक,' ती म्हणाली. 'सर जेवूनच जातील.'

ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं मसाला घातलेलं पीठ; त्याची आमटी मराठवाड्यात पाहुण्याला करतात. आपल्याकडच्या आमटीपेक्षा दाट आणि खमंग. तीन दिवसांत पहिल्यांदा गोड न लागलेलं जेवण. आई आग्रह करत होत्या. अर्धी भाकरी आणखी घ्या, सर, तुम्ही लेकराला शिकवलंत. मी घेतली. प्रत्येक घास मोजून गिळला. समोर उज्ज्वला जेवत होती; तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

ती गेटपर्यंत आली. तळ्यावर पक्षी दाटले होते. सोसायटीतल्या दोन बायका त्यांचा फोटो काढत होत्या. ती म्हणाली, 'आईला सांगू नका. तिनं त्या चुकीची पुरणपोळी केलीय.'

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

'ते नको सर. माफी मागून तुम्ही सांगलीला जाल. मी सोमवारी ऑफिसात जाऊन परत तीनदा तपासणार. मला सांगून काय उपयोग? जिथं छापलं तिथं लिहून द्या. तुमच्या नावानं. काय केलं ते. आणि माझ्या प्रकरणात चूक नव्हती हे.'

'देतो.'

'कधी?'

'पंधरा दिवसांत.'

तिनं मान हलवली. वॉचमननं मोबाईलवर मला बाहेर काढलं.

परत

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. बुटातला चिखल घरी आल्यावर वाळून पडला, बायकोनं झाडून काढला, चिखलात कुठं गेला होतात एवढं विचारलं. व्याख्यानाला, असं मी म्हणालो.

पत्राचा मसुदा रोज दुपारी उघडतो. पहिल्या दोन ओळी झाल्या आहेत. तिसऱ्या ओळीत 'मी' हा शब्द येतो आणि पुढं क्रियापद लागतं. मग मला त्या चौघांची आठवण येते, त्यांतल्या एकाची बढती त्या निबंधावर झालेली. माझ्या निवृत्तीला चार वर्षं आहेत ते आठवतं. मुलीच्या सासरची माणसं आठवतात. कारणं नेहमी देता येतात. तिनं मध्ये एकदाही विचारलेलं नाही. तिला पंधरा दिवस सांगितले होते. आज एकतिसावा आहे.

हे जे लिहिलं ते त्या पत्राच्या जागी धरू नये. इथं मी तिचं आडनाव लिहिलेलं नाही आणि माझंही नाही. तिचं मी जे देणं लागतो ते असं: एक पत्र, माझ्या पूर्ण नावानं, तो निबंध जिथं छापला तिथं, त्यात मी काय केलं ते, आणि उज्ज्वलाच्या कामात चूक नव्हती हे वाक्य. ते मी अजून पाठवलेलं नाही.